बर्फवाला दगडू चार्जिंगला थांबतो

दगडू ठुबे यांनी आयुष्यात कुठलीही गाडी कधी सरळ लावली नाही. हातगाडी असो, तीनचाकी टेम्पो असो, नाहीतर मुलानं घेतलेली पांढरी विजेची गाडी असो. जागा दिसली की आधी थोडं पुढं जायचं, मान मागं वळवायची आणि पाठीनं आत शिरायचं. यात गूढ काही नाही. माणूस उमेदीची सगळी वर्षं बर्फ पोचवत होता. बर्फाची लादी उतरते मागच्या फळीवरून, आणि गिऱ्हाइकाच्या दाराला गाडीची पाठ लागली नाही तर ओढून नेईस्तोवर निम्म्या लादीचं पाणी. सवय हाडात गेलेली. आता या विजेच्या गाडीचं चार्जिंगचं झाकण नेमकं नाकावर, दोन दिव्यांच्या मधोमध. पाठ लावली की चार्जरची केबल तिथवर पोचतच नाही. मग त्यांच्या पत्नी कलावतीबाई खाली उतरून हातवारे करत ओरडायच्या, "अहो, तोंड इकडं करा, तोंड!"

त्यावर दगडूआबा काच खाली करून म्हणायचे, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तोंड बघून काय करतेस?"

आबांचं नाव दगडू कसं पडलं तेही सांगून टाकायला हवं. पारनेरच्या पठारावरचं गाव. आईची आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत. तिसरं झालं तेव्हा आजीनं त्याला सुपात घातलं, शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि मूठभर जोंधळे देऊन परत विकत घेतलं. नाव ठेवलं दगडू. दगडाकडं कोण बघतंय? सटवाईसुद्धा बघत नाही. तर हा दगड टिकला. देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि मिसरूड फुटायच्या आत मामाचं बोट धरून ठाण्याला आला.

मामा खाडीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात होता. गावाकडं बर्फ म्हणजे वळवाच्या गारा, चड्डीच्या खिशात घालेपर्यंत संपणाऱ्या. इथं पोराच्या छातीला लागेल अशी लादी उभी, आतून निळसर, अंगातून वाफा निघतायत. दगडूनं घामेजल्या हातांनी तिला मिठीच मारली. तळवे चिकटले आणि पोरगं बोंबललं. मामा हसत म्हणाला, "सोड तिला लवकर, नाहीतर ती तुला सोडायची नाही." मामाच्या तोंडात साखर पडो म्हणावं, तर पडली ती बर्फाची लादी. तिनं पुढं दगडूला सोडलं नाही.

कोपरीच्या मासळीवाल्यांपासून कोलशेतच्या कारखान्यांच्या कँटीनपर्यंत, डोंबिवलीच्या रसवंत्यांपासून कल्याणच्या लग्नमांडवापर्यंत दगडूचा बर्फ जायचा. लादीवर भुसा टाकायचा, ओलं गोणपाट पांघरायचं आणि सुटायचं. लग्नाला बर्फ, मयताला बर्फ. लग्नघरी लोक हसत दार उघडायचे आणि "आत आण, आत आण" करायचे. मयताच्या घरी कुणी बोलायचं नाही, पण बर्फवाल्याला पाणी आधी विचारलं जायचं ते तिथंच.

या धंद्याला एकच शाप. बर्फवाल्याला उभं राहता येत नाही. दूधवाला ओट्यावर टेकतो, पोस्टमन चहा पितो. बर्फवाल्याला कुणी "बस की रे" म्हटलं की त्याची मान आपोआप मागं वळते, कारण मागं टपटप चालू असते. दगडू इतक्या उंबऱ्यांवर गेला आणि प्रत्येक उंबऱ्यावर अर्धं वाक्य बोलून आला. "काय मावशी, गुडघा?" एवढं विचारायचं आणि गुडघ्याचं काय झालं ते कळायला पुढच्या खेपेची वाट बघायची. पुढच्या खेपेला मावशी आजारी नसली तर गावाला गेलेली. अशी सगळी अर्धी वाक्यं त्याच्या पोटात साठत राहिली.

पुढं घरोघरी फ्रिज आले, हॉटेलवाल्यांनी आपापली यंत्रं घेतली, कारखान्याच्या जागी बिल्डिंग उभी राहिली. आबांनी टेम्पो विकला. तोवर मुलगा विनीत इंजिनियर झाला होता. कोपरीतच चांगल्या सोसायटीत घर झालं आणि दोन वर्षांपूर्वी त्यानं ही विजेची गाडी घेतली. तो स्वतः कंपनीच्या बसनं जायचा, त्यामुळं गाडी आबांच्याच हाती. आबांना तिच्यात एकच खोट दिसली. "आवाज नाही रे हिला. माणसाला वाटतं, आपण नुसतेच बसलोय आणि ठाणं मागं चाललंय."

एका रविवारी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना आबा शेजारी बसलेल्या विनीतला दाखवत होते, "हे बघ, इथं बोरीचं झाड होतं. उन्हात हातगाडी त्याच्याच सावलीला..." बोट बोरीच्या जागेकडं, नजर बोटाकडं. फाटकाच्या खांबानं गाडीचा एक आरसा सोलून काढला.

विनीत खाली उतरला आणि त्यानं आरसा उचलला. मग म्हणाला, "आबा, गाडी चालवताना तुमचं लक्ष रस्त्यावर नसतं. सत्तर सालात असतं."

"सत्तर सालातला रस्ता चांगला होता रे. खड्डे कमी."

"हसण्यावारी नेऊ नका. आज खांब होता, उद्या माणूस असेल. चावी माझ्याकडे द्या."

आबा हसायचे थांबले. चावी म्हणजे नुसती चावी नव्हती. मामाचा हात सोडल्यापासून या माणसाच्या हातात कुठली तरी मूठ, कुठलं तरी हँडल कायम होतं. ते गेलं की मागं उरतं काय? बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं मोजणारा एक म्हातारा. आबांनी तसे चार जण रोज तलावापाशी बघितले होते.

नेमकी त्याच आठवड्यात स्पर्धा निघाली. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातल्या विजेच्या गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्याचा प्रमुख सलील, घोडबंदर रोडच्या टॉवरमधला, सदा घाईत असलेला आणि सदा हसरा. त्यानं जाहीर केलं की गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जो सगळ्यात जास्त वेगवेगळ्या चार्जिंग स्टेशनांवर जाऊन गाडी चार्ज करेल तो विजेता. आबांनी ते वाचलं आणि मुलाकडं गेले.

"विनीत, सौदा करू. मी यात पहिला आलो, गाडीला एक ओरखडा न येता, तर चावी माझी. पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही आलात तर?"

"तर मीच आणून देईन. तुला मागावी लागणार नाही."

कलावतीबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला विचारा की कुणी. यांच्या शेजारी मीच बसणार आहे ना जीव मुठीत धरून." पण विनीतनं शब्द दिला. बापाला नाही म्हणणं अवघड आणि बाप पहिला येईल असं त्याला वाटलंही नव्हतं.

पाडव्याला मासुंदा तलावापाशी सगळे स्पर्धक जमले. सलीलनं नियम वाचले. एका स्टेशनचा एकच गुण. गाडी निदान अर्धा तास चार्जरला लागलेली हवी. गाडीचा आणि चार्जरचा एकत्र फोटो ग्रुपवर टाकायचा. आणि ज्याच्या नावानं नोंद त्यानंच गाडी चालवत चार्जरपर्यंत आणायची, दुसऱ्या कुणी आणली तर तो गुण बाद. सगळ्यांनी फोनवर 'मान्य' दाबलं. आबांनीही दाबलं. ते तेव्हा एका स्पर्धकाला सांगत होते की या तलावाकाठच्या भेळवाल्याला ते कशी अर्धी लादी टाकायचे आणि तो कसा रोज तिच्यावर कैरी किसून फुकट खाऊ घालायचा. 'मान्य' कशाला दाबलं ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

आता अर्धा तास म्हणजे काय ते लक्षात घ्या. इतरांना तो अर्धा तास जाचायचा. कुणी लॅपटॉप उघडायचं, कुणी डुलकी काढायचं. डोंबिवलीच्या देवयानी गद्रे, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, गाडीत बसून शब्दकोडं सोडवायच्या आणि वेळ झाली की केबल काढून पुढच्या स्टेशनला. बाईंचा हिशेब चोख, रस्ता आखलेला, पाण्याची बाटलीसुद्धा ठरल्या जागी. आबांना मात्र पहिल्याच दिवशी चार्जरपाशी उभं राहिल्यावर चमत्कारिक वाटलं. त्यांनी सवयीनं मागं वळून बघितलं. मागं काही टपकत नव्हतं. काही वितळत नव्हतं. उलट जितकं थांबावं तितकं गाडीत भरतच होतं.

"कलावती," आबा म्हणाले, "अगं, ही गाडी थांबवते माणसाला."

"मग थांबा की. कोण धरतंय?"

आणि पोटातली अर्धी वाक्यं बाहेर पडायला लागली.

मॉलच्या तळघरातल्या चार्जरपाशी उत्तरेकडच्या एका वॉचमनला त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं की तुम्ही खुर्ची टाकलीय तिथं आमच्या वेळी कारखान्याचं कँटीन होतं आणि उन्हाळ्यात कामगारांच्या सरबताला सहा लाद्या लागायच्या. वॉचमन म्हणाला, "सच में, चाचा?" आणि त्यानं त्यांना खुर्ची दिली. कल्याणात एका मंगल कार्यालयाच्या आवारातल्या चार्जरपाशी टॅक्सीवाले थांबले होते. त्यांना आबांनी लग्नाच्या लादीचा किस्सा सांगितला. एकदा दोन गल्ल्यांत दोन लग्नं होती. दगडूनं मठ्ठ्याची लादी चुकून दुसऱ्याच मांडवात उतरवली. त्या मांडवातला नवरीचा काका भांडून दोन वर्षं बोलत नव्हता. लग्नाला आला तो दारातच उभा. लोकांना वाटलं, एवढ्या उन्हात बर्फ पाठवला तो काकानंच. नवरीचा बाप धावत जाऊन भावाच्या गळ्यात पडला आणि रडायला लागला. आता काका काय करणार? "मी नाही पाठवला" म्हणायची सोय राहिली नव्हती. तोही रडला आणि पंगतीत वाढायला लागला.

"और दुसरी शादी?" एका टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"तिथं मी दुसरी लादी नेली आणि शिव्या खाल्ल्या. फुकट काहीच नसतं बाबा."

सगळे हसले. पण तोवर अर्धा तास कधीच होऊन गेला होता, मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि गाडीच्या खिडकीतून कलावतीबाई हाका मारून दमल्या होत्या.

असं रोजच व्हायला लागलं. आबा गप्पांत, गाडी चार्जरवर अडकलेली, मागचा ओरडतोय आणि शिव्या कलावतीबाईंच्या वाट्याला. एका रविवारी कोलशेतला, बंद ऑफिसच्या मोकळ्या आवारात, बाईंनी सांगून टाकलं, "मला एवढी पुढंमागं करायला शिकवा. निदान दुसऱ्याची वाट तरी मोकळी करीन."

"तू? तू सायकल तरी चालवलीस का कधी?"

"तुमच्या घरात सायकल होती का कधी?"

आबा खाली उतरले. त्यांनी बाईंना उजव्या बाजूला बसवलं.

"क्लच कुठला?"

"नाहीच."

"गिअर?"

"हा गोल खटका. पुढं, मागं, उभं. हा पाय दाबला की चालते, हा दाबला की थांबते."

कलावतीबाईंनी एकदा खटक्याकडं, एकदा नवऱ्याकडं बघितलं. "एवढ्यासाठी तुम्ही बाप्ये इतकी वर्षं आम्हाला शेजारी बसवून मिरवत होतात?"

आणि त्यांनी गाडी आवाराच्या टोकापर्यंत नेली, वळवली आणि तोंड पुढं करून चार्जरसमोर अशी लावली की केबल ओढावीसुद्धा लागली नाही. आबा टाळ्या वाजवत धावत आले. त्या दिवसापासून ठरून गेलं. आबांनी गाडी आणायची, पाठीनं लावायला निघाले की बाईंनी ओरडायचं, अर्धा तास झाला की बाईंनी ती आवारातल्या आवारात बाजूला काढायची. चार्जरपर्यंत आणणारे आबाच, काढणाऱ्या बाई. नियमाला कुठं धक्का नव्हता, अर्थात तो कुणाला ठाऊक होता तर.

स्पर्धा रंगली. पंचवीस-तीस गाड्यांतल्या बाकीच्या एकेक करून मागं पडल्या आणि शेवटच्या आठवड्यात दोनच उरल्या. एक दिवस देवयानीबाई एकानं पुढं, दुसऱ्या दिवशी आबा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या चार्जरवर दोघं समोरासमोर आले. आबा तिथल्या चहावाल्याशी त्याच्या बापाविषयी बोलत होते, कारण बाप त्यांचं जुनं गिऱ्हाईक निघाला होता.

देवयानीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ठुबे, तुम्ही स्पर्धेला आलाय की सोयरीक जमवायला?"

"दोन्ही, मॅडम. तुमच्याकडं कोणी भाचा-पुतण्या आहे का लग्नाचा?"

"आहे की. पण तो पेट्रोलवर चालतो." बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. मग काच वर करता करता म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही एवढा वेळ घालवून माझ्या बरोबरीला कसे, तेच मला सुटत नाहीये."

ते सोपं होतं. जिथं जिथं आबा बोलत बसायचे तिथला माणूस त्यांना पुढचा चार्जर सांगायचा. नकाशात न आलेला, कालच बसवलेला, कुठल्याशा पंपाच्या मागचा. विनीतही रोज ऑफिसातून ग्रुप उघडून बघायला लागला होता. घरी मात्र काही बोलायचा नाही. आबाही विचारायचे नाहीत. जेवताना चावी ताटाशेजारी ठेवायचे, एवढंच.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत दोघं बरोबरीत. देवयानीबाईंनी आखलेलं सगळं संपलं होतं. आबांना चहावाल्यानं दिवा गावातल्या चार्जरचं सांगितलं होतं. रस्त्याकडेला नवा चार्जर, एकच, आणि समोर ही रांग. दिव्याचा रस्ता म्हणजे एका बाजूला पाण्याचे टँकर, दुसऱ्या बाजूला हंडे घेतलेल्या बाया आणि मधून जायला जेमतेम गाडीएवढी फट. आबांनी आरसे मिटून, श्वास धरून गाडी आत घातली. कुठं टेकली नाही. पुढं तीन टॅक्सी होत्या. आबा रांगेत उभे राहिले आणि त्यांना रस्त्यापलीकडून हाक आली.

"आरं ए बर्फवाल्या! दगडू ना रं तू?"

सुकी मासळी घेऊन एक म्हातारी बसली होती. नाकात मोठी नथ, दातांचा पत्ता नाही, डोळे मात्र सुईसारखे.

"मना वलखलास का नाय?"

आबा बघत राहिले. "हौसाबाई?"

"कवरा म्हातारा झाला रं तू! तुझा बर्फ आला का माझी सुरमई दोन दिस हसायची. आन तू येक शबूद बोलायला थांबायचा नाय. मी म्हनायची, याला बायकू लय कडक हाय."

"बायको गाडीत बसलीय, हळू बोल." आबा हसत हसत रस्ता ओलांडून गेले आणि तिच्या पाटीशेजारी उकिडवे बसले. हौसाबाईंचा नवरा कधी गेला, खाडीतली मासळी कुठं गेली, पोरं कुठं, सुना कशा. त्यांचं किती विचारायचं राहिलं होतं! एक विचारलं की तीन निघत होती.

इकडं तीन टॅक्सी चार्ज होऊन गेल्या. मागून हॉर्न. कलावतीबाईंनी हाक मारली, टँकरच्या आवाजात बुडाली. फोन लावला, तो आबांच्या सीटवरच वाजला. मागचा ड्रायव्हर उतरून आला, "मावशी, घेताय की मी घेऊ?" बाईंनी घड्याळ बघितलं. सहाला स्पर्धा संपत होती. त्या उजव्या बाजूला सरकल्या, खटका फिरवला आणि गाडी हळूच चार्जरला नेऊन लावली. केबल जोडली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासानं आबा बोंबलाची जुडी घेऊन परत आले तेव्हा ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडत होती. दगडू ठुबे एकानं पुढं.

"तू लावलीस?"

"मग काय, तुमची सुरमई लावणार होती?"

आबांनी रस्त्यातच बायकोला हात जोडले. त्या नियमाचं दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं. आबा घरी येईपर्यंत गात होते. विनीतनं दार उघडलं आणि म्हणाला, "आबा, मानलं तुम्हाला." आणि पहिल्यांदाच त्यानं जेवताना चावीकडं बघितलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी डोंबिवलीत एका छोट्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ. आमरस-पुरी, फुगे, तांब्याचा एक भला मोठा प्लग बक्षीस म्हणून. विनीत आईबरोबर दुसऱ्या रांगेत. सलीलनं आबांच्या हातात बक्षीस दिलं आणि माइक पुढं केला. "दोन शब्द, ठुबेकाका."

ज्या माणसाला आयुष्यभर अर्धंच वाक्य बोलता आलं त्याला माइक देऊन दोन शब्द म्हणायचं नसतं. आबांनी मामा सांगितला, चिकटलेले तळवे सांगितले, लग्नाची लादी सांगितली, गप्पांत नवे चार्जर दाखवणारी माणसंही सांगितली. हॉल पोट धरून हसत होता. आमरस थांबला होता. आणि मग आबांना वाटलं, इतकं सगळं सांगितलं आणि जिच्यामुळं जिंकलो तिचं नाव नाही काढलं?

"आणि ही आमची कलावती!" त्यांनी बोट केलं. "सायकल नाही चालवली कधी. पण काल दिव्यात मी मासळीवालीशी बोलत बसलो, रांग पुढं गेली, मागं बोंबाबोंब. तर हिनं स्वतः गाडी नेली, अशी तोंडावर लावली म्हणता, की मी जन्मात लावली नसती! हा शेवटचा गुण तिचा आहे. टाळ्या तिच्यासाठी वाजवा!"

कलावतीबाईंनी लाजून पदर ओढला. मागच्या रांगांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत मात्र कुणी हललं नाही. सलीलचं हसू तोंडावरच थिजलं.

देवयानीबाई पटकन म्हणाल्या, "सलील, आमरस गरम होतोय. चला, वाढा."

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"काही नाही, काका. म्हणजे..." सलील चाचरला. "तो एक नियम होता ना. नोंद ज्याची, त्यानंच गाडी चार्जरपर्यंत आणायची."

"असा नियम होता?"

"पाडव्याला वाचला होता. तुम्ही तेव्हा भेळवाल्याचं सांगत होतात."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आबाही आधी हसले. मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेतल्या विनीतवर गेली आणि हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. माइक अजून हातातच होता.

"बरोबरी धरा," देवयानीबाई उठून म्हणाल्या. "नाहीतर फेरी पुन्हा घ्या. असं जिंकलेलं मला नको."

"मॅडम, बरोबरी कशी? तो एकच गुण नाही बाद. गेल्या शनिवारी टिटवाळ्यालाही मी नारळपाणीवाल्याकडं होतो. तिथंही हिनंच पुढं घेतली होती." आबांना खरंच आत्ताच आठवलं होतं. कलावतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आता पुरे!" त्या बसल्या जागेवरून ओरडल्या आणि सगळा हॉल परत फुटला. आबांनी तांब्याचा प्लग देवयानीबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला, पण दुसऱ्या हातानं आबांचं मनगट धरून म्हणाल्या, "कोडं सुटलं माझं. पुढच्या खेपेला मी पण खाली उतरून बोलणार लोकांशी."

आमरस खाऊन तिघं खाली आले. गाडीपाशी आबांनी खिशातून चावी काढली.

"राहू द्या, आबा," विनीत म्हणाला. "महिनाभरात गाडीला एक ओरखडा नाही. मी बघितलंय सगळं."

"ओरखडा का नाही माहितेय? ही शेजारी बसून 'अहो समोर बघा' म्हणत होती म्हणून. मी गप्पा मारत होतो." आबांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "तुला मागावी लागणार नाही, असं मीच म्हणालो होतो ना."

घरी येताना गाडी विनीतनं चालवली. आबा मागं बसून खिडकीबाहेर बघत होते. कोपरी येईपर्यंत त्यानं दोनदा आरशातून मागं बघितलं.

पुढचे काही दिवस आबा सकाळी खाली जायचे, गाडी पुसायचे, टायरांना उगाच लाथ मारून बघायचे आणि वर यायचे. बाकावर बसायला ते गेले नाहीत, पण दुसरं कुठं जावं तेही सुचत नव्हतं. कलावतीबाई हे सगळं खिडकीतून बघत होत्या. एका सकाळी त्यांनी डोक्याला तेल लावलं, चांगली साडी नेसली आणि विनीतला म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या सौद्यात माझं नाव होतं का रे?"

"नाही. का?"

"मग झालं." आणि त्या स्टेशनजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आल्या. शिकवणारा म्हणाला, आजी, या वयात? बाई म्हणाल्या, "या वयातच सवड मिळाली बाबा. आधी पोळ्या होत्या." परीक्षेला क्लच-गिअरची गाडी आहे असं ऐकून त्या दोन दिवस चिडचिडल्या, पण पहिल्या खेपेला पास झाल्या. साहेबानं गाडी उभी करायला सांगितली तेव्हा सगळ्यांत सरळ त्यांचीच लागली.

लायसन्स आलं त्या रविवारी बाईंनी गाडी कल्याणला काढली. आबा डाव्या बाजूला. हात ठेवायला काही नव्हतं म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग छातीवर बांधले, मग परत मांडीवर. पत्रीपुलापाशी त्यांनी सुरुवात केली, "अगं, इथं एकदा टेम्पोचं..."

"बोलू नका, सिग्नल आहे."

जुन्या कल्याणच्या गल्लीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली. आबांनी पुन्हा तोंड उघडलं. बाईंनी नुसता डावा हात वर केला. तोंड मिटलं आणि करायला काहीच न उरल्यामुळं नजर वर गेली. खालती ओळखीचं काही राहिलं नव्हतं. मोबाइलची दुकानं, चष्म्यांची दुकानं, काचा आणि पाट्या. पाट्यांच्या वर मात्र जुन्या लाकडी गॅलऱ्या तशाच होत्या. नक्षीचे कठडे, वाळत घातलेलं लुगडं, डब्यातली तुळस. या गल्लीत त्यांनी उन्हाळेच्या उन्हाळे लाद्या ओढल्या होत्या. पण बर्फवाल्याची नजर उंबऱ्यापर्यंत, त्याच्या वर कधी गेलीच नव्हती.

एका गॅलरीत त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ कठड्याला टेकून रस्ता बघत होता. आबांनी हात हलवला. त्यानंही हलवला.

"कोण होतं?" बाईंनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग हात कशाला केलात?"

"त्यानं मला कितीदा बघितलं असेल इथून. मीच कधी वर बघितलं नाही."

कलावतीबाईंनी पुढची रिक्षा जाऊ दिली आणि गाडी हलकेच बाजूला घेऊन थांबवली. तोंड पुढं, चाकं सरळ. "जा, विचारून या त्याला काय विचारायचं ते. मी बसते. आणि दार नीट लावा, एसी चालू आहे."